वृंदाताई, तुमची हरकत मी मांडली

वृंदाताई, मंजूर झालं.

पूर्ण नाही. एका बाजारापुरतं, एका वर्षासाठी. सही अजून व्हायची आहे, म्हणून देशाचं नाव इथे लिहीत नाही. पण तिकडच्या समितीच्या बैठकीच्या शेवटी गुलनाराने चष्मा काढला, कॅमेऱ्याकडे न बघता पुसला आणि म्हणाली, करून बघू. मी लॅपटॉप बंद केला आणि खोलीतल्या खोलीत चालत राहिले. एनस्खेडेतली माझी खोली किती लहान आहे ते तुम्हाला माहीत आहे, चार पावलांत भिंत येते. मग सवयीने फोन उचलला. तुमचं नाव अजून वरच होतं. बोट लावणार तेवढ्यात आठवलं, की तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही.

म्हणून हे लिहिते आहे. नीट जमेल की नाही माहीत नाही. आनंद इतका झाला आहे की तो कोणाला तरी सांगायलाच हवा, आणि ज्या माणसाला सांगायचा ते माणूस तुम्ही आहात.

इथल्या डच विद्यापीठात शिकत असताना स्लोटरडाइकच्या ऑफिसात मी इंटर्नशिपला आले तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही मला कॉफीच्या मशीनपाशी गाठलंत. गाव विचारलंत. इचलकरंजी म्हटल्यावर लगेच मराठीत आलात, आणि घरात कोण काय करतं ते विचारलंत. बाबा प्रोसेसच्या कारखान्यात कापड रंगवतात, आई शिवते, कॉलेजात गेलेली मीच पहिली, हे मी एका दमात सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, "मग पहिली गोष्ट लक्षात ठेव. तू आयुष्यभर पहिला नंबर काढत आली असशील. आपल्या कामात धोक्याच्या यादीत पहिल्या नंबरचं रसायन म्हणजे सगळ्यात वाईट." मी हसले नाही, लिहून घेतलं. तुम्ही नंतर घरी नवऱ्याला, मोहनदादांना, आणि लेकीला, ईराला, सांगून सांगून त्यांना हसवलंत, हे मला ईराकडूनच कळलं.

काम तसं सांगायला सोपं होतं. मध्य आशियातला एक देश. सगळे कारखाने सरकारी असण्याचा काळ मागे पडला, बाहेरच्या जगाशी व्यापार वाढला, पण रसायनांच्या पिंपांवरची लेबलं मात्र जुन्या काळातली राहिली. नाव, कारखान्याचा क्रमांक आणि धोक्याचा वर्ग आकड्यात. त्यांना आता जगभर चालणारी पद्धत हवी होती. कोणतं रसायन किती आणि कसं धोकादायक ते ठरवायचं आणि त्याप्रमाणे लाल कडेच्या, टोकावर उभ्या चौकोनात चित्र छापायचं. ज्वाला, कवटी, जळणारा हात, मेलेला मासा. आपलं ऑफिस त्यांना मदत करणार होतं. त्या बाजूने सरकारी अधिकारी गुलनारा, या बाजूने तुम्ही. मी तुमच्या मागून फाइली उचलणारी.

पहिले काही आठवडे मी प्रत्येक वाक्य 'कदाचित'ने सुरू करायचे. एका बैठकीनंतर तुम्ही म्हणालात की या पद्धतीत सावध करणारे दोनच शब्द आहेत, एक 'धोका' आणि दुसरा 'इशारा'. 'कदाचित' त्यात नाही. पिंपावर 'कदाचित' लिहिलेलं तुला आवडेल का?

गुलनाराने तिच्याकडच्या बाजारात जाऊन लोकांना ती चित्रं दाखवली. कवटी सगळ्यांना कळली. छातीवर चांदणी फुटलेल्या माणसाचं चित्र, जे शरीरात हळूहळू घात करणाऱ्या रसायनांसाठी आहे, ते बघून एक भाजीवाली म्हणाली, हे ताकदीचं औषध असणार, बघा कसा चमकतोय. तुम्ही खूप हसलात. स्लोटरडाइकच्या त्या काचेच्या खोलीत रेल्वेचे रूळ दिसत होते, आणि हसणं थांबल्यावर तुम्ही बराच वेळ तिकडे बघत बसलात. त्या दिवसापासून मला तुमचं काम आवडायला लागलं. तोपर्यंत मी फक्त डिग्री पुरी करत होते.

मग तो फोटो आला. बाजारातलं दुकान, निळं पिंप, त्यावर नवंकोरं लेबल, चित्रं अगदी नियमात सांगितलेल्या मापाची. आणि पिंपाच्या पुढे ज्यूसच्या जुन्या बाटल्यांची रांग, पिंपातून ओतून भरलेली. एकाही बाटलीवर काही नाही. आपल्या टीमचा प्रमुख मार्टाइन याने अगदी साधेपणाने विचारलं की या बाटल्या कशाच्या. तुम्ही आणि मी एकमेकींकडे बघितलं. आपल्याला विचारावं लागलं नाही. आमच्या गल्लीत फिनेल आणि ॲसिडवाला गाडा घेऊन यायचा, आई कोल्ड्रिंकची बाटली घेऊन खाली जायची आणि भरून आणायची. तुम्हीही पुण्यात तेच बघितलं होतं. मार्टाइन म्हणाला की असं ओतून विकायला कायद्याने बंदीच आहे ना, मग तो आपला विषय नाही. तुम्ही होकारार्थी मान हलवलीत. पण माझ्या डोक्यातून त्या बाटल्या गेल्या नाहीत.

आणि मग तुमच्याकडचा गणपती.

ताई, हे मी समितीसमोर सांगितलं आहे, आधीच सांगते. रागावू नका.

आम्स्टेलवेनच्या तुमच्या घरात स्ट्रोपवाफेल बिस्किटांच्या डब्यात गोडा मसाला असायचा, आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता, आणि चॉकलेट पावडरच्या दोन सारख्या डब्यांत एकात खडीसाखर आणि दुसऱ्यात मोरी साफ करायचा सोडा, इथे सुपरमार्केटात खड्यांचा मिळतो तो. आरती झाली. तुम्ही खोबऱ्याचे तुकडे आणि खडे वाटीत घालून सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवलात. मोहनदादांचे ऑफिसातले मित्र पहिले. त्यांचा चेहरा बदलला, पण ते काही बोलले नाहीत. मग दुसरे. मग त्यांची बायको. सगळे ओळीने तोंड मिटून उभे, डोळ्यांत पाणी, आणि कोणीही थुंकेना. प्रसाद होता ना! माझ्या हातावरही खडा होता, तो तोंडापर्यंत जायच्या आत ईराने तिचा खडा तळहातावर थुंकला आणि इंग्रजीत म्हणाली की आई, हा साबण आहे.

तुमचा आवाज अजून कानात आहे. "थुंका. सगळ्यांनी आधी थुंका." तरी दोघं गणपतीकडे बघत उभेच. एक जण पाठ दाखवायला नको म्हणून उलटा चालत बाल्कनीत गेला. तुम्ही सगळ्यांना बेसिनपाशी रांगेत उभं केलंत, चुळा भरायला लावल्यात, डॉक्टरांच्या मदतीच्या नंबरवर फोन केलात. पाणी प्या, त्रास वाटला तर परत फोन करा, एवढंच त्यांनी सांगितलं. जिभा हुळहुळण्यापलीकडे कोणाला काही झालं नाही. मग तुम्ही पैठणीसकट स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलात आणि रडू येईपर्यंत हसलात. मोहनदादा म्हणाले, "दिवसभर जगाला लेबलं लावते आणि घरी देवाला सोडा." तुम्ही म्हणालात, "देवाला नाही, तुमच्या मित्रांना. देवाने खाल्ला नाही, तो हुशार आहे."

पण पाहुणे गेल्यावर भांडी पुसताना तुम्ही मला जे म्हणालात त्यावर मी अजून जगते आहे. "सारिका, बघितलंस? त्या सोड्याच्या मूळ पाकिटावर खूण होती, लाल चौकोनात उद्गारचिन्ह. मी ते पाकीट फेकून दिलं. आणि डब्यावर काय लिहिलंय ते तरी कोणी वाचलं? आरती झाली होती, देणारा हात माझा होता. लोकांनी तो हात वाचला."

एनस्खेडेला परतताना गाडीत मला ते सुचलं. लोक देणारा हात वाचतात, तर लेबल त्या हातात द्यायला हवं. कारखान्याने प्रत्येक पिंपाबरोबर लहान लेबलांची एक गुंडाळी द्यायची. दुकानदार बाटली भरेल तेव्हा एक सोलून तिच्यावर चिकटवेल. बस्स. मी देव्हेंतरला गाडी थांबेपर्यंतही वाट बघितली नाही, तुम्हाला फोन केला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे पिंपाला पिल्लं." आणि मग म्हणालात, "नाही."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. कँटीनमध्ये, प्लॅटफॉर्मवर, तुम्ही सायकलवर आणि मी मागून धावत असताना. तुमचं म्हणणं असं, की लेबल दिलं म्हणजे ओतायला परवानगी दिली. आज लोक सुट्या बाटलीला थोडं तरी बिचकतात, उद्या छापील खूण बघून निर्धास्त होतील. आणि दुकानदाराने घाईत एका पिंपाचं पिल्लू दुसऱ्या बाटलीवर चिकटवलं तर? "बिनलेबलाची बाटली निदान खोटं बोलत नाही," असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं की मुकी बाटली पण माणूस मारते. तुम्ही म्हणालात, मारते, पण आपल्या सहीने नाही.

मी आईचं उदाहरण दिलं. तिला वाचता येतं, पण वाचायला बाटलीवर काही असतंच कुठे? तुम्ही म्हणालात, "तुझी आई ती बाटली उंचावर ठेवते, कारण तिला भीती वाटते. ती भीती काढून घेऊ नकोस." मला राग आला. माझ्या आईबद्दल तुम्हाला काय माहीत, असं मनात आलं. चार दिवस तुमच्या मेसेजला फक्त अंगठा दाखवत राहिले. तेव्हा तुम्ही मला बोलावून विचारलंत की अंगठा हे कोणत्या वर्गाचं चित्र आहे, आणि पुन्हा पहिल्यापासून भांडायला लागलात.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. माझ्याशी अभ्यासातल्या गोष्टीवरून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्या. घरी मी काहीही म्हटलं तरी बाबा म्हणतात, तू शिकलेली, तुला ठाऊक. ते प्रेमाने म्हणतात, पण तिथे बोलणं संपतं. विद्यापीठात प्राध्यापक माझा मुद्दा ऐकून 'इंटरेस्टिंग' म्हणतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात, मग मी ट्रॅममध्ये बसून नव्हे, इथे ट्रॅमही नाही, सायकलवर बसून विचार करते की इंटरेस्टिंग म्हणजे चांगलं की वाईट. तुम्ही माझा मुद्दा घेऊन घरी जायचात आणि दुसऱ्या दिवशी त्याला भोक पाडून परत आणायचात. तेव्हा चिडायचे. पण माझ्या एखाद्या कल्पनेसाठी कोणी रात्रीची झोप खर्च करावी, हे मला माहीतच नव्हतं.

शेवटचा फोन रविवारचा. तुम्ही म्हणालात की शुक्रवारच्या बैठकीआधी भेटू, एक मुद्दा सापडलाय, तुला आवडणार नाही. मी म्हटलं आत्ता सांगा. "फोनवर नाही. तोंड बघायचंय तुझं." तुम्ही हसत होतात. मागे कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही फोन ठेवलात.

मंगळवारी सकाळी मोहनदादांचा फोन आला. हृदय बंद पडलं, इतकंच त्यांनी सांगितलं. 

इथे अंत्यविधीनंतर कॉफी आणि केक देतात, हे मला माहीत नव्हतं. आपली मंडळी केकचा तुकडा हातात धरून उभी होती, खावा की नाही कळेना. ईरा डचमध्ये बोलली. मला निम्मं समजलं. आई सुपरमार्केटात शाम्पूच्या बाटल्यांची मागची बाजू मोठ्याने वाचायची आणि मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहायचे, असं ती म्हणाली आणि सगळे हसले. तुमचे डच सहकारी सगळ्यात जास्त हसले आणि त्यांनीच सगळ्यात जास्त डोळे पुसले.

बैठक पुढे ढकलली गेली. मार्टाइनने मला बोलावून सांगितलं की सुट्या बाटल्यांचा विषय मांडायचा की काढून टाकायचा हे मीच ठरवावं, कोणाची काही हरकत नाही. तो चांगुलपणानेच म्हणाला. पण ताई, तेच तर वाईट होतं. हरकत घेणारं माणूस उरलं नव्हतं. तुम्ही नाही म्हणून मी माझं म्हणणं पुढे रेटायचं? की तुम्ही नाही म्हणून मानाने गुंडाळून ठेवायचं? तुम्ही दुसऱ्या गोष्टीवर जास्त चिडला असतात, एवढं मला नक्की माहीत आहे. पण पहिली करायची माझी हिंमत होईना.

तो तुमचा न सांगितलेला मुद्दा कोणता, याचा मी खूप विचार केला. मोहनदादांना विचारलं. ते म्हणाले, घरी मी ऐकायचो फक्त पिल्लं, पिल्लं, मला वाटलं कुणाच्या मांजरीला झालीत. मग आम्ही दोघं हसलो.

शेवटी मी असं केलं. माझ्या वाट्याच्या वेळेत आधी तुमची हरकत मांडली. पूर्ण ताकदीने, तुमच्याच शब्दांत. गणपतीची गोष्ट सांगितली. दुभाषी सांगत होता तसा पडद्यावरच्या त्या खोलीत हसू एकेका खुर्चीवर पोहोचत गेलं. पाठ न दाखवता चालत गेलेल्या माणसावर सगळे थांबून हसले, म्हणजे त्यांच्याकडेही अशी माणसं असणार. मग मी म्हटलं की वृंदा म्हणायची, बिनलेबलाची बाटली निदान खोटं बोलत नाही. खोलीतलं हसू थांबलं. त्यानंतर मी माझी गुंडाळी मांडली.

स्वेटर घातलेले एक वयस्कर सदस्य म्हणाले की हे दोन्ही बरोबर असू शकत नाही, तुमचं स्वतःचं मत काय? मी म्हटलं, माझं मत आहे की बाटलीने बोललं पाहिजे. पण खोटं बोलणारी बाटली मुक्या बाटलीपेक्षा वाईट, हे मला खोडता आलेलं नाही.

आणि मग, ताई, काय झालं माहीत आहे? ते आपसात भांडायला लागले. दुभाषी मागे पडला. गुलनारा कागदावर पेन आपटत होती. मी काहीही न समजता बघत होते आणि आनंदाने मला खुर्चीत बसवेना. आपलं कँटीनमधलं भांडण दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या देशात, अनोळखी माणसं भांडत होती.

त्यातून निघालं ते असं. ज्यावर कवटी किंवा जळणारा हात आहे ते रसायन ओतून विकायचंच नाही, त्याला लेबलांची गुंडाळी मिळणार नाही. बाकीच्यांना मिळेल, आणि पिंपाला ज्या रंगाचा पट्टा त्याच रंगाचा पट्टा त्याच्या पिल्लांना, म्हणजे भरताना चुकीच्या बाटलीवर चुकीचं बसलं तर पिंपाशी रंग जुळत नाही हे लांबूनही दिसेल. एक बाजार, एक वर्ष. तुमची हरकत नसती तर यातलं अर्धं सुचलंच नसतं.

घरी फोन करून आईला सांगितलं. तिला आधी वाटलं मला नोकरी लागली. मग नीट समजून घेतल्यावर विचारलं की आपलं ते ॲसिड कशात बसतं? जळणारा हात. म्हणजे ज्या बाटलीसाठी मी तुमच्याशी चार दिवस अबोला धरला, ती बाटलीच बंद यादीत गेली. आईच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात. आई म्हणाली, "मग संडास कशानं धुवायचा गं?" आणि वर ती म्हणाली, विचारून सांग तुझ्या मोठ्या लोकांना.

बैठक संपताना गुलनाराने विचारलं होतं की वर्षभर या प्रयोगाच्या विरुद्ध काय काय निघतं, ते कोण गोळा करणार? हे काम वृंदाने केलं असतं, असंही ती म्हणाली. मी हात वर केला. माझ्याच प्रस्तावाच्या विरुद्ध. मार्टाइनने पडद्यावरून असं बघितलं की मी खाली केला तरी चालेल. मी केला नाही.

आज सकाळी गुलनाराचा मेसेज आला. तिने बाजारात एका दुकानदाराला कल्पना समजावून सांगितली. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं की गिऱ्हाईक कधी मोठी बाटली आणतं, कधी औषधाची एवढीशी. सगळ्यांनी लहान आणल्या आणि पिंप अर्धं असतानाच लेबलं संपली तर, उरलेलं मी कसं विकू? आणि नवी गुंडाळी कारखाना देईपर्यंत, ज्या बाटलीला लेबल मिळालं नाही ती, खूण नाही म्हणून, लोकांना सुरक्षित वाटणार नाही का?

ताई, हा होता का तुमचा मुद्दा? असेल तर तुम्ही कपाळाला हात लावला असतात, की इतका सोपा आणि हिला दिसला नाही. नसेल तर तुमचा याहून जड होता, आणि तो आता मला स्वतःच शोधावा लागेल. तो दुकानदार बरोबर आहे.  गुलनाराला मी तसं कळवलं, आणि त्याला अजून काय काय खटकतं ते सगळं विचार म्हणून सांगितलं.